ग्रानादात एकच दिवस: अल्हाम्ब्रा, अल्बायसिन, सोबत आईबाबा. आखणी कशी करावी?

रानवाट

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्रानादासाठी एक पूर्ण दिवस आहे. आदल्या रात्री माद्रिदहून रेल्वेने पोचणार, दुसऱ्या दिवशी सकाळी सेव्हिलची बस. आम्ही दोघं, आई (६८), बाबा (७२) आणि मुलगी (९). मुक्काम प्लासा नुएवाजवळ. बाबांचा गुडघा दुखतो. सपाटीवर तासभर सहज चालतात, पण चढ आणि पायऱ्या शक्यतो नकोत. आई शाकाहारी, अंडं चालतं.

अल्हाम्ब्रा घाई न करता बघायचा आहे. संध्याकाळी अल्बायसिन या जुन्या वस्तीतल्या सान निकोलासच्या चौकातून सूर्यास्त, आणि मधल्या वेळात राणी इसाबेलाची कबर असलेलं चॅपल. हे तिन्ही एका दिवसात बसेल का? तिकिटावर राजवाड्यांची वेळ निवडावी लागते असं दिसतंय, ती कुठली घ्यावी? चढ कसे टाळायचे? तिकिटं अजून काढलेली नाहीत.

दगडी वाडा

तिन्ही बसतं. पण आज बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिकिटं काढा. सप्टेंबर हा तिथला ऐन हंगाम आहे, तिकिटं काही आठवडे आधीच संपतात आणि 'तिथे जाऊन खिडकीवर बघू' हा बेत हमखास फसतो.

तिकीट अल्हाम्ब्राच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या पहिल्या दोन-तीन जागा बहुतेक वेळा दलालांच्या असतात. तिथे तेच तिकीट गाईड जोडून दुप्पट-तिप्पट दराला विकतात. तुम्हाला हवंय ते 'जनरल' तिकीट. त्यात अल्कासाबा म्हणजे किल्ला, नसरी राजवाडे (नसरी हे इथलं शेवटचं मुस्लिम राजघराणं), पार्तालची बाग आणि हेनेरालिफे म्हणजे सुलतानांचा उन्हाळी महाल आणि बागा, हे सगळं येतं. शेजारीच फक्त बागांचं स्वस्त तिकीट दिसेल. त्यात राजवाडे नाहीत. घाईत ते काढून दारात अडकणारे लोक रोज असतात. हेनेरालिफेचं स्पेलिंग बघून आपण 'जनरलाइफ' वाचतो, तसं विचारलं तर तिथे कुणाला कळत नाही.

तिकीट नावावर असतं. प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक भरावा लागतो आणि तो आत एकापेक्षा जास्त ठिकाणी तपासतात. पाचही जणांचे मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नका. १२ वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, पण तिकीट लागतंच, म्हणून मुलीचं त्याच बुकिंगमध्ये घ्या. ज्येष्ठांची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे. आईबाबांसाठी ती निवडलीत तर दारात वाद होईल.

आता वेळ. तिकिटावर छापलेली वेळ फक्त नसरी राजवाड्यांची असते, 'पालासिओस नासारीएस' असं लिहिलेलं असतं. बाकीच्या जागा त्या दिवशी आपल्या सोयीने बघायच्या, पण प्रत्येक ठिकाणी एकदाच आत सोडतात. राजवाड्यांना उशीर झाला तर प्रवेश नाही. आणि इथेच बहुतेकांचा दिवस बिघडतो. लोक मुख्य प्रवेशाच्या पॅव्हिलियनपाशी वेळेवर पोचतात, तिथून राजवाडे रमतगमत पंधरा-वीस मिनिटं लांब आहेत हे त्यांना ठाऊकच नसतं. बाबांच्या चालीने पंचवीस मिनिटं धरा आणि रांगेत छापलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी उभे राहा.

माझं मत: साडेनऊ किंवा दहाची वेळ घ्या, साडेआठची नको. कारण जागेच्या रचनेत आहे. राजवाड्यांतून बाहेर पडलं की आपण थेट पार्तालच्या बागेत येतो आणि पुढची वाट बुरुजांच्या कडेने हेनेरालिफेकडे जाते. अल्कासाबा मागे राहतो. साडेआठला राजवाडे घेतले तर अल्कासाबासाठी पुन्हा वर, उलट दिशेने यावं लागतं. दुखऱ्या गुडघ्याला हा फेरा नको. साडेआठला दरवाजे उघडले की आधी अल्कासाबा, मग राजवाडे, मग पार्ताल, मग हेनेरालिफे आणि मुख्य दारातून बाहेर. एकच सरळ रेघ, मागे वळणं नाही.

आत शिरायला पॅव्हिलियनला जाऊच नका. तिकीट फोनवर किंवा कागदावर असेल तर पुएर्ता दे ला हुस्तिसिया या दरवाजातून थेट आत जाता येतं. सुलतान यूसुफ पहिला याने १३४८ मध्ये बांधलेला हा दरवाजा आहे. आतला मार्ग मुद्दाम वळणावळणाचा आणि चढाचा केलाय, शत्रूचा वेग मोडावा म्हणून. बाबांसाठी त्याऐवजी थोडं पुढचं पुएर्ता दे लोस कार्रोस बरं. स्पेनचा राजा पाचव्या चार्ल्सच्या राजवाड्याच्या बांधकामाचं सामान गाड्यांतून न्यायला सोळाव्या शतकात फोडलेलं हे दार. गाड्यांसाठीच असल्यामुळे चढ सौम्य, पायऱ्या नाहीत. टॅक्सीला हेच नाव सांगा.

अल्कासाबात बाबांनी खालच्या पटांगणापर्यंतच जावं. तोर्रे दे ला वेला या बुरुजावर जायला अरुंद जिना आहे. तुम्ही आणि मुलगी वर जाऊन या. खाली शहर, समोर अल्बायसिन, मागे सिएर्रा नेवादा असं सगळं एका नजरेत येतं, आणि संध्याकाळी जिथे उभं राहायचंय तो चौकही इथूनच ओळखून ठेवता येतो. मग पाच-दहा मिनिटांवरचा चार्ल्सचा राजवाडा. बाहेरून चौकोनी, आत संपूर्ण गोल अंगण. बांधकाम १५२७ मध्ये सुरू झालं आणि राजा तिथे कधीच राहिला नाही. प्रवेश मोफत आहे, स्वच्छतागृहं याच परिसरात आहेत. सगळ्यांनी इथेच उरकून घ्या, राजवाड्यांच्या आत सोय नाही.

राजवाड्यांसाठी दीड तास धरा. गर्दी ज्या वेगाने पुढे सरकते त्या वेगाने सरकू नका, कोपरा धरून उभे राहा. प्रत्येक भिंत तीन थरांची आहे: खाली कंबरेपर्यंत रंगीत फरशांचे तुकडे, मध्ये अक्षरांचा पट्टा, वर गिलाव्यातलं कोरीव काम. 'अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही' हे नसरी घराण्याचं ब्रीद त्या अक्षरांत शेकडो वेळा येतं. मुलीला एकदा आकार दाखवा, पुढे ती स्वतः शोधत जाईल. दूतांच्या दालनात मान वर करा. लाकडाच्या आठ हजारांहून अधिक तुकड्यांचं ते छत म्हणजे ताऱ्यांचे थरावर थर, म्हणजे सात स्वर्ग.

सिंहांच्या अंगणात १२४ खांब आहेत. एखाद्या खांबाजवळ जाऊन दांडा आणि वरचा माथा जिथे भेटतात तो सांधा बघा. मध्ये काळपट पातळ पत्रा दिसतो, तो शिशाचा आहे. शिसं मऊ, त्यामुळे भूकंपात दगडावर दगड घासून फुटत नाही, खांब थोडा हलू शकतो. इतके नाजूक खांब सहाशेहून जास्त वर्षं उभे आहेत त्यात या पत्र्याचा वाटा मोठा आहे. बारा सिंहही एकसारखे नाहीत. आयाळ आणि चेहरे वेगवेगळे आहेत, २०१२ मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाल्यापासून ते स्पष्ट दिसतं. कारंज्यापर्यंत जाऊ देत नाहीत, कडेच्या ओवरीतूनच बघायचं. भिंतींना हात लावू नका, मुलीलाही आधीच सांगून ठेवा. गिलावा हाताच्या तेलकटपणाने काळा पडतो.

बाहेर आल्यावर पार्तालमध्ये तळ्याकाठी बसा. राजवाड्यांत बसायला फारशी जागा नसते, बाबांची खरी विश्रांती इथे. मग हेनेरालिफे, सव्वा तास. एकच्या सुमारास मुख्य दाराबाहेरून सी ३० ची मिनीबस घेऊन प्लासा इसाबेल ला कातोलिकाला उतरायचं.

पाठीवरच्या मोठ्या पिशव्या आणू नका. लहान पिशवीसुद्धा राजवाड्यांत पुढे, छातीशी घ्यायला लावतात. फ्लॅश, स्टँड, सेल्फीची काठी चालत नाही.

शेवंती

वरच्या जवळपास सगळ्याशी सहमत, वेळेबाबत मात्र नाही. राजवाड्यांतलं मर्टलच्या (विलायती मेंदीच्या) कुंपणांचं ते लांब तळ्याचं अंगण पाण्यातल्या प्रतिबिंबासह निवांत बघायचं असेल तर साडेआठच. पहिल्या गटात पहिल्या वीस-तीस जणांत असलात तर दहा मिनिटं अंगण तुमचं. साडेनऊनंतर गाईडचे गट एकामागोमाग येतात. सप्टेंबरअखेर तिथे सूर्य आठनंतर उगवतो, त्यामुळे साडेआठचं ऊन अगदी तिरपं आणि सोनेरी असतं. फोटोंची आवड असेल तर हे लक्षात घ्या आणि अल्कासाबावर पाणी सोडा. पण ७२ वर्षांचे बाबा आणि न्याहारीशिवाय न निघणारी मंडळी असतील तर साडेनऊ रास्त, हे मान्य.

चढांबद्दल. प्लासा नुएवातून कुएस्ता दे गोमेरेस हा रस्ता सरळ वर जातो, नकाशावर पंधरा मिनिटांचा दिसतो. तो आधी घरांच्या मधून आणि मग डाळिंबांच्या दरवाजातून झाडीत शिरतो. सुंदर आहे, पण सलग चढ आहे. बाबांनी वर टॅक्सीने जावं, मीटरवर फार होत नाही. पाच जण एका टॅक्सीत सहसा बसत नाहीत, चारच घेतात. तुमच्यापैकी एकाने चालत जावं किंवा सगळ्यांनी सी ३० घ्यावी. तिचा थांबा प्लासा नुएवापासून पाच मिनिटांवर आहे.

उतरताना अनेक जण कुएस्ता देल रेय चिको ही वाट सुचवतात. हेनेरालिफेच्या भिंतीलगत, पाण्याचा पाट बाजूला घेऊन ती थेट दार्रो नदीकाठी उतरते. चालणाऱ्यांनी जरूर जावं. पण गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो आणि ही वाट तीव्र उताराची, खडबडीत आहे. बाबांना बसनेच खाली आणा.

अल्बायसिनचे रस्ते म्हणजे नदीतले काळे-पांढरे गोटे उभे बसवून केलेली फरसबंदी. डोळ्याला छान, तळपायाला कठीण आणि ओलं झालं की निसरडी. पातळ तळव्याच्या चपला नकोत. सान निकोलासला सी ३१ किंवा सी ३२ जाते. सी ३२ अल्हाम्ब्राहून थेट अल्बायसिनला जोडते. गाड्या लहान आहेत आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी खचाखच भरतात, म्हणून दीड तास आधीच वर जा. त्या आठवड्यात सूर्य आठच्या सुमारास मावळतो. सूर्य समोर नसतो, अल्हाम्ब्रा समोर असतो आणि पश्चिमेचं ऊन त्याच्या भिंतींवर पडतं. म्हणून बघायची खरी वेळ मावळण्याआधीचा अर्धा-पाऊण तास, भिंती तांबूस होतात तेव्हा. त्यानंतर लगेच उठू नका. दिवे लागतात आणि दहा-पंधरा मिनिटांत दृश्य बदलतं.

चौकाच्या कठड्यावर बसायला जागा मिळणं अवघड असतं. शेजारीच २००३ मध्ये उघडलेली मशीद आहे, तिच्या बागेतून हेच दृश्य कमी गर्दीत दिसतं. बाग प्रार्थनेच्या वेळा सांभाळून उघडी असते. अंग झाकणारे कपडे घाला, आवाज कमी ठेवा. कठड्यावर फोन किंवा पर्स ठेवून फोटो काढू नका, इथे आणि बसमध्ये खिसेकापू असतात. चॅपलच्या आसपास बायका हातात रोझमेरीची काडी देतात आणि मग हात बघून पैसे मागतात. काडी हातात घ्यायचीच नाही, 'नो, ग्रासियास' म्हणून पुढे जायचं.

नकाशेवाला

चॅपलबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून थोडं. काटेद्रल म्हणजे मुख्य चर्च आणि कापिया रेआल म्हणजे कबरीचं चॅपल या शेजारच्या दोन इमारती आहेत, पण दारं वेगळी आणि तिकिटंही वेगळी. काटेद्रलचं तिकीट काढून आत कबर शोधत फिरणारे बरेच असतात. तुम्हाला वेळ एकाचाच असेल तर कापिया रेआल, तासभर पुरतो. रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे काटेद्रल पर्यटकांना दुपारीच उघडतं, तेही लक्षात ठेवा.

आत संगमरवरी समाध्यांच्या दोन जोड्या दिसतील. एक इसाबेला आणि तिचा नवरा फर्डिनंड यांची, दुसरी त्यांची मुलगी हुआना आणि जावई फिलिपची. कोरीवकाम अप्रतिम आहे, पण तिथेच थांबू नका. समाध्यांखाली काही पायऱ्या उतरून तळघराच्या जाळीपर्यंत जाता येतं. तिथे शिशाच्या पाच साध्या पेट्या आहेत, पाचवी लहान नातवाची. १४९२ च्या २ जानेवारीला ज्यांनी शेवटचा नसरी सुलतान बोआब्दिल याच्याकडून हे शहर घेतलं ते इतक्या लहान खोलीत, कसलीही नक्षी नसलेल्या पेट्यांत आहेत. बाबांना पायऱ्या नको असतील तर वर थांबतील, बाकीच्यांनी खाली जाच. मग शेजारच्या दालनात इसाबेलाचा मुकुट आणि फर्डिनंडची तलवार बघा. मुकुट अपेक्षेपेक्षा खूप छोटा आहे.

तिथून दोन मिनिटांवर अल्कायसेरिया, जुना रेशीमबाजार. १८४३ मध्ये जळला आणि नंतर लहान आकारात पुन्हा बांधला. आता बहुतेक दुकानं पर्यटकांच्या वस्तूंची. गल्ल्या अरुंद आणि सावलीच्या आहेत, पण मुद्दाम वेळ काढू नका. त्याऐवजी समोरच्या बाजूचं कोर्राल देल कार्बोन बघा. चौदाव्या शतकातली धान्याच्या व्यापाऱ्यांची ही सराई, अंगण मोकळं आणि जवळजवळ रिकामं असतं. मग सपाट वाटेने कार्रेरा देल दार्रो. डाव्या हाताला एल बान्युएलो, अकराव्या शतकातलं स्नानगृह, छताला ताऱ्याच्या आकाराचे झरोके. हा रस्ता बाबांना चालेल, फक्त तो अरुंद आहे आणि त्यावरून बसही जाते, भिंतीला टेकून उभं राहावं लागतं.

शेवंती

जेवणाचं राहिलंच होतं. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन. चारला स्वयंपाकघरं बंद होतात आणि रात्री आठ-साडेआठपर्यंत उघडत नाहीत. साडेचारला भूक लागली तर कॅफेत सँडविच एवढंच मिळतं.

ग्रानादाची खासियत म्हणजे पेयाबरोबर तापा फुकट. बिअर, वाइन, किंवा शीतपेय, काहीही घेतलं की छोटी बशी आपोआप येते. ती कोणती हे बहुतेक ठिकाणी बार ठरवतो. म्हणून शाकाहारी माणसाने पेय मागतानाच सांगावं, बशी समोर आल्यावर नव्हे. नुसतं 'मांस नको' म्हणणं पुरत नाही, कारण डुकराचा खारवलेला हामोन आणि ट्यूना बऱ्याच जणांच्या हिशेबात 'मांस' नसतात. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतुन' असं तिन्ही म्हणा.

आईला चालेल असं: बेरेन्हेनास कोन मिएल, म्हणजे तळलेली वांगी आणि वर उसाची काकवी. तोर्तिया दे पातातास, अंडं-बटाट्याचं जाड थालीपीठच म्हणा. साल्मोरेखो हे घट्ट थंड टोमॅटो सूप, पण वर हामोनचे तुकडे टाकतात, 'सिन हामोन' सांगावं. सावध राहा अशी तीन नावं: आबास कोन हामोनमध्ये हामोन आहे हे नावातच आहे, आणि तोर्तिया साक्रोमोन्ते साधं ऑम्लेट वाटतं पण पारंपरिक पाककृतीत मेंदू असतो. रेमोहोन संत्र्याची कोशिंबीर वाटते, त्यात खारवलेला कॉड मासा असतो. शेवटी गोड म्हणून पियोनोनो घ्या, शेजारच्या सांता फे गावचा छोटा केक.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच संकेतस्थळ बघितलं. आमच्या तारखेला सकाळचं काही शिल्लक नाही, दुपारी चारची वेळ तेवढी दिसतेय. घ्यावी का? की रद्द झालेली तिकिटं येतील म्हणून थांबावं?

दगडी वाडा

थांबू नका, चारची लगेच घ्या. रद्द झालेली तिकिटं येतात, पण पाच एकत्र मिळणं कठीण. चारची वेळ वाईट नाही, फक्त दिवस उलटा लावायचा.

सकाळी दहाला कापिया रेआल, मग कोर्राल देल कार्बोन, दार्रोचा रस्ता आणि बान्युएलो. सगळं सपाटीवर. साडेबाराला हॉटेलवर येऊन बाबांनी तासभर पाय लांब करावेत. जेवण दीडच्या ठोक्याला, पण हलकं. सव्वादोनच्या सुमारास सी ३० ने वर, या वेळी मात्र मुख्य पॅव्हिलियनलाच उतरा. तिथे व्हीलचेअर मागता येते, बाबांना नको वाटली तरी विचारून ठेवा. तिथून आधी हेनेरालिफे. दुपारचं ऊन असेल, पण पाण्याच्या अंगणात आणि वेलींखाली ते जाणवत नाही. हे पाणी दार्रो नदीतून सुमारे सहा किलोमीटर वरून पाटाने आणलेलं आहे, सगळा अल्हाम्ब्रा त्यावर जगला. पाण्याचा जिना, ज्याच्या कठड्यातून पन्हळी वाहतात, तो बाबांनी खालून बघावा.

सव्वातीनला तिथून निघायचंच, मोह झाला तरी. उतरत्या वाटेने पावणेचारला राजवाड्यांच्या रांगेत. साडेपाचला बाहेर, पार्तालमध्ये थोडं बसून मागे अल्कासाबाकडे. इथे दहा मिनिटांचं उलट चालणं येतं, ते या वेळेला टळत नाही. बाबा थकले असतील तर चार्ल्सच्या राजवाड्याच्या गोल अंगणात बसतील, तुम्ही अल्कासाबा करून या. एप्रिल ते १४ ऑक्टोबर बंद व्हायची वेळ रात्री आठ आहे, त्यामुळे दरवाजा मिटण्याची चिंता नाही, सूर्यास्ताची आहे. साडेसहाला सी ३२ च्या थांब्यावर उभे राहा. बस भरून आली तर दुसरीची वाट न बघता टॅक्सी करा, सान निकोलासच्या जवळपर्यंत ती जाते.

आणि चारचं तिकीटही तुम्ही काढेपर्यंत गेलं तर 'दोब्ला दे ओरो' नावाचं एकत्रित तिकीट बघा. त्यात अल्हाम्ब्रासोबत बान्युएलो, दार अल-ओर्रा अशा नसरी काळाच्या आणि त्याआधीच्या जागा येतात. ग्रानादा कार्डमध्येही अल्हाम्ब्राची वेळ निवडता येते. तेही नसेल तर बागांचं दिवसाचं तिकीट आणि राजवाड्यांचं रात्रीचं वेगळं तिकीट अशी जोडी. रात्री अक्षरं आणि छतं दिव्यांत उठून दिसतात, पण रंग कळत नाहीत आणि मुलगी झोपेला येईल.

रानवाट

चारची पाचही तिकिटं मिळाली. मुलीचं शून्य युरोचं तिकीटही त्याच बुकिंगमध्ये आलं. नावं आणि क्रमांक पासपोर्ट समोर ठेवून दोनदा ताडून पाहिले.